डचकाकूंचं दुसरं बिस्किट

डचकाकूंना ‘नाही’ म्हणण्याआधी घसा साफ करावा लागत नसे. आपल्याकडे नकार द्यायचा तर आधी ‘अं...’, मग ‘तसं नाही, पण’, मग ‘बघू’, आणि पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. काकू पाहुण्याला पाणी द्यावं तसा नकार देत. लगेच, आणि चेहऱ्यावर काही न आणता. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, आग्रहाने तिसरी पुरणपोळी पुढे केली. काकूंनी ताटावर हात आडवा धरला नाही की पोटावरून हात फिरवला नाही. ‘नाही,’ म्हणाल्या. ‘पहिली मी माझ्यासाठी खाल्ली, दुसरी तुझ्यासाठी. तिसरी कुणासाठी खाऊ?’ मेघना पोळी धरून तशीच उभी. आमची मुलगी रेवा टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. ‘आई, शी इज सो सॅव्हेज! आय लव्ह हर!’

भांडी लावताना मेघना म्हणाली, ‘बाई फटकळ आहे. पण काय रे, तिच्याशी बोलून डोकं दुखत नाही.’

मला मात्र धास्ती वाटली. माझा सगळा संसार ‘बघू’वर उभा होता. मी बोलायला कमी. गप्प माणसाला लोक समंजस समजतात, आणि त्याचा फायदा मी पन्नाशीपर्यंत घेतला. हे लिहिलेलं वाचून आमच्या कॉम्प्लेक्समधल्या दोन-तीन मराठी घरांत कपाळाला आठ्या पडतील, घरचं असं चव्हाट्यावर आणतात का म्हणून. पडू देत.

आमचं टाउनहाउसांचं कॉम्प्लेक्स अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या उत्तर टोकाला, बस जिथे वळून परत जाते तिथे. काकू कोपऱ्यातल्या घरात एकट्या राहायच्या. नेदरलँड्सच्या संसदेत त्या निवडून आल्या होत्या, युरोपच्या कामकाजाच्या राज्यमंत्री होत्या, पुढे युरोपच्या वतीने राजदूत म्हणून युरोपच्या पूर्वेकडच्या देशांत राहिल्या होत्या. साठीनंतर त्यांनी इथल्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाशी लग्न केलं आणि इथे आल्या. पुढे तो वारला. काकू राहिल्या, आणि विद्यापीठात दर हिवाळ्यात मुत्सद्देगिरीचा एक कोर्स शिकवू लागल्या. रेवा त्यांना ‘काकू’ म्हणाली तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. काकाची बायको, म्हणजे वडिलांच्या भावाची, असं तिने सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बारकाईने पाहिलं. ‘म्हणजे माझा नवरा तुझा भाऊ? हे त्याने मला सांगितलं नव्हतं. पण तो बरंच काही सांगायचा नाही.’ तेव्हापासून त्या मला चारचौघांत ‘दीरबुवा’ या अर्थाने ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणत.

आपल्या कारकिर्दीबद्दल विचारलं की त्या मंत्रिपदापासून सुरुवात करत नसत. ‘मी पाण्यातून आले,’ म्हणत. त्यांच्या गावची जमीन समुद्राच्या पातळीखाली. तिकडे बांध आणि कालवे सांभाळायला पाण्याची वेगळी मंडळं असतात, त्यांच्या निवडणुका होतात. काकू पहिल्यांदा निवडून आल्या त्या अशा मंडळावर, वयाने सर्वांत लहान आणि एकट्या बाई. त्या मंडळात बाजूबाजूला बसणाऱ्या दोन शेतकऱ्यांच्या घराण्यांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पण बैठकीला दोघेही यायचे. ‘का माहितीये? बांध फुटला तर पाणी विचारत नाही, तुमचं कुणाशी भांडण आहे,’ काकू म्हणायच्या. ‘पुढे ब्रसेल्सला, सगळ्या युरोपच्या बैठकांत, मी जे काही केलं ते हेच. फक्त शेतकऱ्यांचे सूट चांगले होते.’

मंत्रिपद त्यांना फार दिवस लाभलं नाही. सरकारने तयार केलेलं एक निवेदन त्यांनी सभागृहात वाचायचं होतं, आणि त्यातलं एक वाक्य खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या वाचत वाचत त्या वाक्यापाशी आल्या, थांबल्या, म्हणाल्या, ‘पुढचं वाक्य खरं नाही, म्हणून मी ते वाचणार नाही,’ आणि त्याच्या पुढचं वाक्य वाचू लागल्या. संध्याकाळपर्यंत राजीनामा. पक्षातल्या लोकांनी लिफ्टमध्ये त्यांच्याशेजारी उभं राहणंसुद्धा सोडलं. मी विचारलं, ‘वाईट नाही वाटलं?’ म्हणाल्या, ‘वाटलं ना. मला ती लिफ्ट आवडायची. जिने फार होते.’

त्यांच्याकडे कॉफीला जाणं हा एक विधीच होता. सकाळची कॉफी, एक कप, आणि पत्र्याच्या निळ्या डब्यातून एक बिस्किट. एकच. डबा उघडायचा, पुढे करायचा, तुम्ही एक घेतलंत की झाकण टक्क. मेघना पहिल्यांदा गेली तेव्हा घरी येऊन तिने सगळ्या मैत्रिणींना फोन केले. ‘अगं, एवढी राजदूत होती, आणि एक बिस्किट!’ पुढल्या वेळी मुद्दाम ती मोठा डबा भरून चकल्या घेऊन गेली. काकूंनी एक चकली घेतली, कौतुक केलं, आणि डब्याचं झाकण लावून तो मेघनाला परत दिला. मेघनाने तिथेच हात टेकले.

रेवा त्यांच्या कोर्सला बसली त्या वर्षी पहिल्याच दिवशी घरी येऊन गप्प राहिली. एरवी तिचं तोंड चालू असतं. जेवताना म्हणाली, ‘बाबा, तिने पहिल्या लेक्चरला काय सांगितलं माहितीये? लाइक, द वर्स्ट थिंग शी एव्हर डिड.’

ती गोष्ट काकू दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. पूर्वेकडच्या एका देशात त्या युरोपच्या प्रतिनिधी होत्या. वातावरण तापलेलं होतं, कधीही लढाई जुंपेल असं. एका लहान गावची माणसं त्यांना भेटायला आली. त्यांचं मागणं एवढंच, की युरोपचा झेंडा लावलेली तुमची एक गाडी आमच्या पुलावर उभी ठेवा, म्हणजे पलीकडचे लोक यायला धजणार नाहीत. काकू म्हणाल्या, मला तशा सूचना नाहीत. ‘आणि ते खरं होतं,’ त्या मुलांना सांगत. ‘मला खरोखरच तशा सूचना नव्हत्या. पुढच्या वेळी गेले तेव्हा पूल होता, माणसं नव्हती. खोट्यामागे लपलेला माणूस कधीतरी सापडतो. खऱ्या नियमामागे लपलेला सापडत नाही. त्याला स्वतःलाच बाहेर यावं लागतं.’ गावाचं नाव त्या सांगत नसत. कुणी विचारलंच तर, ‘त्यांनी मला ते नाव वापरायची परवानगी दिलेली नाही.’

रेवाचं ऐकताना मी भाताकडे बघत होतो. त्याचं कारण होतं, आणि ते आता सांगतो.

माझी आई अकोल्याला वारली तेव्हा मी पोचलो नाही. आजारी होती, बाबा फोनवर म्हणाले होते, ‘अवी, जमलं तर ये.’ मी म्हटलं होतं, ‘बघू.’ नंतर सगळ्यांना सांगितलं, व्हिसाची अडचण होती, बाहेर पडलो असतो तर परत येता आलं नसतं. नातेवाइकांनी माना डोलावल्या. आपल्या लोकांना व्हिसा म्हटला की सगळं कळतं. तेव्हा नियम अवघड होते हे खरंच. पण माझा व्हिसा ठीक होता. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज तोंडावर होती, आणि मला वाटलं, आई अजून आठवडाभर काढेल.

पुढच्या वर्षी बाबा सहा महिने आमच्याकडे येऊन राहिले. वीज खात्यातली नोकरी केलेला माणूस. घरभर फिरून दिवे बंद करत. कॉम्प्लेक्समधले रस्त्याचे दिवे दिवसा जळताना पाहून ते थेट घरमालकांच्या असोसिएशनच्या अध्यक्षाकडे, गॅरीकडे, गेले. ‘युवर लॅम्प्स आर ऑन इन डेटाइम. वेस्ट!’ गॅरी मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, तिरसट. तो बघतच राहिला. काकूंशी मात्र बाबांचं छान जमलं. मेघनाच्या वाढदिवसाला काकूंनी त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन केलं, बाबांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘सुनेबद्दल अभिनंदन.’ बाबा मला म्हणाले, ‘बरोबर आहे बाईंचं. एकट्याचा कसला वाढदिवस?’ त्या सहा महिन्यांत ते माझ्याशी आईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.  ते मला सोसेना. ते गेल्यावर दर फोनला मी आपणहून म्हणायचो, ‘या उन्हाळ्यात बघू, बाबा.’ आणि उन्हाळा जाऊ द्यायचो.

तर अशात आमच्या असोसिएशनपुढे नव्या नियमाचा ठराव आला. कुणाच्याही घरी पाहुणा महिनाभरापेक्षा जास्त राहणार असेल तर समितीची परवानगी घ्यायची, आणि ती मिळेलच असं नाही. कारण दिलं पार्किंगचं. आमच्याकडे सहा महिने येणारे आईवडील गाडी चालवत नाहीत हे गॅरीलाही माहीत होतं. नियम कुणासाठी आहे ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. मराठी घरांतून कुजबुज झाली. ‘यार, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, उगाच कशाला नजरेत यायचं?’ समितीवर आपला एकच माणूस होता, तो मी. गॅरीने नियम मांडला आणि त्याला अनुमोदन दिलं ते मी.

कारण बाबांना सांगायला मला पुन्हा एक खरा नियम मिळणार होता.

ठरावावर मत घ्यायला सर्व घरमालकांची सभा क्लबहाउसमध्ये झाली. काकू उभ्या राहिल्या. ‘नाही,’ म्हणाल्या. ‘माझी बहीण पुढच्या महिन्यात येते आहे, चार महिन्यांसाठी. मी परवानगी मागणार नाही. तुम्ही आम्हा दोघींना बाहेर काढायला या. आम्ही पायरीवर बसू. याहून बऱ्या खोल्यांमधून मला बाहेर काढलेलं आहे.’

गॅरी लाल झाला. आवाज चढले. तेव्हा काकूंनी हात वर केला आणि अगदी वेगळ्या, कामकाजाच्या स्वरात म्हणाल्या, ‘आज मत घेऊ नका. मत घेतलं तर कुणीतरी जिंकेल आणि आपल्याला इथेच राहायचं आहे. मला आठवडाभर द्या. प्रत्येकाने माझ्या स्वयंपाकघरात यायचं. एकट्याने.’

ही त्यांची ब्रसेल्समधली पद्धत. सगळे देश टेबलाभोवती अडून बसले की अध्यक्ष बैठक थांबवतो, एकेका देशाला आत बोलावतो आणि विचारतो, टेबलावर म्हणालास ते ठेव बाजूला, तुला खरोखर काय सोडता येणार नाही? तिकडे त्याला चर्चमधल्या कबुलीच्या खोलीचंच नाव आहे. आत बोललेलं बाहेर जात नाही. अध्यक्ष सगळ्यांचं ऐकून स्वतःचा एक मसुदा मांडतो. ‘मी प्रोटेस्टंट घरातली,’ काकू म्हणायच्या. ‘आमच्याकडे कबुलीची खोली नसते. ती शिकायला मला ब्रसेल्सला जावं लागलं.’

त्या आठवड्यात कोपऱ्यातल्या घराकडे लोक येत-जात राहिले. आमच्या शेजारच्या जोशीकाकू पदर सावरत गेल्या आणि हसत आल्या. आमचा जिना समोर असल्यामुळे गॅरीला बाहेर येताना मी पाहिलं. पायरीवर तो जरा वेळ थांबला. त्याच्या हातात एक बिस्किट होतं. आत एक मिळतंच. हे दुसरं होतं. आत त्याने काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही.

माझी वेळ आली. कॉफी आली, बिस्किट आलं, झाकण टक्क लागलं. काकूंनी विचारलं, ‘तुला काय सोडता येणार नाही?’

‘पार्किंगचा तसा प्रश्न आहे,’ मी म्हटलं.

‘अविनाश, तुझ्याकडे एक गाडी आहे आणि दोन जागा आहेत.’

‘तसं नाही, पण—’

‘घसा साफ कर आणि बोल.’

मी बोललो. नियम मला हवा आहे, वडिलांना येऊ नका म्हणायला. आणि मग थांबता येईना. आईचं, व्हिसाचं, रिलीजचं, सगळं. मेघनाला न सांगितलेलं त्या परक्या बाईला सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही की ‘असू दे’ म्हटलं नाही. सगळं ऐकून त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

‘तुम्ही काहीच म्हणणार नाही?’

‘ऐकणं माझं काम होतं. माफ करणं नाही, तो माणूस अकोल्याला आहे. आणि माझ्या मसुद्यात तुझं नाव येणार नाही. तुला नियमामागेच राहायचं असेल तर राहू शकतोस. मी कुणाला सांगणार नाही.’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘माझ्या वेळी मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी मलाही विचारलं नव्हतं.’

दुसरं बिस्किट मी खाल्लं नाही. ते खिशात घालून घरी आलो.

पुढच्या सभेत काकूंनी मसुदा मांडला. पाहुण्यांचा नियम आणायचा नाही. पार्किंगच्या दोन ओळी नीट आखायच्या. आणि जे कुणी महिनाभरापेक्षा जास्त राहायला येतील त्यांना आल्या आठवड्यात गॅरीने कॉफीला बोलवायचं. हे शेवटचं कलम ऐकून लोक हसले. गॅरी हसला नाही, त्याने फक्त मान हलवली. मग म्हणाला, ‘मूळ ठराव मी मांडला होता, मी मागे घेतो. अनुमोदन देणाऱ्याचं काय?’

सगळे माझ्याकडे वळले. ‘हो, मागे घेतो’ म्हणून खाली बसता आलं असतं. काकू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मी उभा राहिलो. ‘मागे घेतो. आणि अनुमोदन देताना मी जे कारण पुढे केलं ते खोटं होतं. मला पार्किंगची काळजी नव्हती. माझ्या वडिलांनी इथे येऊ नये म्हणून मला नियम हवा होता. तुम्हा सगळ्यांच्या आईवडिलांना मी त्यात ओढलं.’

 जोशीकाकूंनी ‘अगंबाई’ म्हटलेलं ऐकू आलं. रेवा मागे उभी होती, तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मेघना माझ्याकडे असं बघत होती की हा माणूस कोण.

काकू म्हणाल्या, ‘धन्यवाद. पुढचा विषय, बर्फ काढण्याचं कंत्राट.’

घरी चालत येताना मेघना म्हणाली, ‘मला का नाही सांगितलंस?’ मी व्हिसाचंही सांगितलं. ती थांबली. ‘ते मला माहीत होतं रे. तुझा पासपोर्ट माझ्याच कपाटात असतो ना, व्हिसाची तारीख दिसते त्यात.’ इतकी वर्षं. मी काही बोललो नाही, आणि पहिल्यांदाच मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली. काही मराठी मंडळी त्यानंतर माझ्याशी तुटकच वागली. वागोत. आमच्या लिफ्टमध्ये आता गर्दी कमी असते. तसा आमच्याकडे जिनाच आहे.

वसंतात काकूंनी घर विकलं. बहीण चार महिने राहून जाताना म्हणाली होती, आता तूच ये. निरोपाला मराठी घरांनी शाल आणि नारळ आणला. काकू म्हणाल्या, ‘शाल घेते. नारळ नाही, विमानात मी त्याच्याशी काय बोलू?’ भाषणं करू दिली नाहीत. निळ्या डब्याकडे माझं लक्ष होतं. मला वाटत होतं, आठवण म्हणून तो मला देतील. त्यांनी ओळखलं. ‘नाही, ब्रदर-इन-लॉ. हा माझा आहे. तिकडेही लोक बोलत नाहीत.’

आता त्या ऐंशीच्या आहेत. मागच्या महिन्यात रेवाला त्यांचा निरोप आला. पाण्याच्या मंडळाची निवडणूक लढवली, निवडून आल्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा सर्वांत लहान होत्या, आता सर्वांत म्हाताऱ्या. समुद्र वाढतोय आणि तरुण मंडळी अहवाल मागवत बसलीयेत, म्हणाल्या. ‘मी त्यांना पहिल्याच बैठकीत नाही म्हटलं. फार बरं वाटलं.’

त्याच आठवड्यात गॅरी वाटेत भेटला. फाटकाजवळच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘दिवसा जळतोय. तुझे वडील कधी येणार?’

मी घरी जाऊन फोन लावला.

‘बाबा, इकडे या. सहा महिने. तिकीट काढतो.’

‘बघू,’ बाबा म्हणाले.

माझाच शब्द. कदाचित मी तो त्यांच्याकडूनच घेतला असेल. पूर्वी मी तिथेच फोन ठेवला असता. या वेळी विचारलं, ‘बाबा, बघू म्हणजे हो की नाही?’

तिकडे बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, ‘त्या बाईंनी शिकवलं वाटतं तुला असं बोलायला.’

‘हो.’

‘मग नाही,’ बाबा म्हणाले. ‘आधी तू ये. तुझी आई गेली त्याबद्दल तुला मला काहीतरी सांगायचंय. मी किती वर्षं वाट बघतोय. ते इथे, या घरात बसून सांग. मग मी येतो.’

मी घसा साफ केला नाही. ‘येतो,’ म्हटलं.